बाईजींचा मोगरा, भाभींचे गुलाब

"रामदासभाऊ, अंगणात गुलाब लावू की मोगरा?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "घरात झाडांना पाणी कोण घालतं?" लोकांना वाटतं, म्हातारा उत्तर टाळतोय. पण पस्तीस वर्षं लोकांच्या बंगल्यांतल्या बागा सांभाळल्यावर माझी खात्री झाली आहे की झाडाची निवड जमिनीवरून जितकी करावी, तितकीच घरातल्या माणसांवरून करावी.

पाणी घालणारा दयाळू असेल तर मोगरा फुलत नाही, आणि विसराळू असेल तर गुलाब जगत नाही. एवढंच खरं तर माझ्या धंद्याचं शास्त्र. बाकी तपशील.

तो तपशील मी धुळ्याला शिकलो. तिथल्या एका रोपवाटिकेत मी अठराव्या वर्षी लागलो. दगडूआबा तिथले हेड माळी. काळे, काटकुळे, डोक्याला पांढरं पागोटं, आणि बोलायला लागले की हातातलं खुरपं थांबायचं नाही. पहिल्याच हिवाळ्यात मोगऱ्याची पानं सुकायला लागली म्हणून मी झारी घेऊन धावलो, तर आबा त्यांच्या अहिराणीत ओरडले, "ठेव ती झारी! मोगराले तहान लागू दे. तो तहानमाच फुलस."

मला काही कळेना. दहा पावलांवर गुलाबाच्या वाफ्याला आबांनी मला त्याच सकाळी पाणी भरायला लावलं होतं.

"गुलाबनं येगळं शे," आबा म्हणाले. "त्याले बठ्ठं येळवर लागस. पानी येळवर, खत येळवर, कात्री येळवर. एक दिन चुकना का तोंड पाडी बसस." बठ्ठं म्हणजे सगळं.

गुलाबाची छाटणी पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास. छाटल्यापासून साधारण दीड महिन्यानं फूल. आमची खानदेशची काळी जमीन पाणी धरून ठेवते, ते गुलाबाच्या मुळांना सोसत नाही, म्हणून दीड हात खड्डा खणून त्यात माती, वाळू आणि जुनं शेणखत मिसळून भरायचं. कलमाच्या डोळ्याच्या, म्हणजे जोडाच्या, खालून फुटवा आला तर लगेच काढायचा, नाहीतर खालचा रानटी गुलाबच माजतो आणि वरचा मरतो. थंडीत गुलाब राजा. वैशाखातल्या उन्हात मात्र त्याला सावली धरावी लागते.

मोगऱ्याचं नेमकं उलट. दिवाळीनंतर त्याचं पाणी तोडायचं. पानं गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. मग छाटायचं, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळांना चार-आठ दिवस ऊन दाखवायचं, खत घालायचं आणि मग भरपूर पाणी सोडायचं. चैत्रात, जेव्हा जळगावात दुपारी रस्त्यावर कुत्रंही फिरत नाही, तेव्हा मोगरा असा फुलतो की झाडाचं पान दिसू नये. म्हणजे गुलाबाच्या भर मेजवानीच्या दिवसांत मोगऱ्याला उपाशी ठेवायचं. एका अंगणात दोन्ही असले की माळ्याची परीक्षा असते.

माझी परीक्षा जळगावातल्या एका मारवाडी घरी झाली. सत्तर साल उजाडायच्या थोडी आधीची गोष्ट. मी धुळं सोडून जळगावात आलो होतो. सायकलच्या कॅरियरला खुरपं, कात्री आणि सुतळी बांधून आठ बंगले करत होतो. त्यांतला हा एक. शेठजींची डाळमिल होती. घर जैन, अतिशय कर्मठ. घराची खरी मालकीण शेठजींची आई. सगळे त्यांना बाईजी म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, पांढरं लुगडं. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून आणि उकळून. फुलं देवळात न्यायची म्हणून त्या मोगरा स्वतः खुडत. खुडण्याआधी प्रत्येक फूल पानांवर हळूच झटकत, आत मुंगी असेल तर तिला उतरता यावं म्हणून.

त्यांच्याकडे मोगऱ्याची बारा झाडं होती. हिरवीगार, पुरुषभर उंच, आणि सबंध उन्हाळ्यात त्यांना मूठभर फूल येत नव्हतं. आधीच्या माळ्याला त्यांनी त्याच कारणानं काढलं होतं. मी दोन दिवस नुसता बघत बसलो. संध्याकाळी बाईजी स्वतः तांब्या घेऊन आल्या आणि प्रत्येक झाडाला गाळलेलं पाणी घालू लागल्या. मार्गशीर्षाचे दिवस होते.

"बाईजी, पाणी बंद करावं लागेल," मी म्हणालो.

"बंद? अरे, बिचाऱ्याला प्यास लागेल. बोलता येत नाही म्हणून काय मारायचं?"

आता यांना कसं समजवायचं? मग मला सुचलं. "बाईजी, तुम्ही पर्युषणात उपास करता ना?"

"करते तर. आठ-आठ दिवस करते."

"त्यानं मरता का?"

"छट्! उलट अंग हलकं होतं."

"मग मोगऱ्याचाही उपासच आहे हा."

त्या हसल्या आणि तांब्या तसाच भरलेला घरात घेऊन गेल्या. त्यानंतर दीड महिना मोगऱ्याच्या वाफ्याकडे कुणाला त्यांनी फिरकू दिलं नाही. नोकराणीनं भांडी विसळलेलं पाणी तिकडे टाकलं तर तिला म्हणाल्या, "उपास मोडलास ना त्यांचा!" त्या चैत्रात रोज दोन टोपल्या फूल निघालं. तेव्हापासून त्या घरात माझा शब्द चालू लागला. बाईजींनी माझ्यावर जो विश्वास टाकला तो असा, आणि मी त्याचं काय केलं ते आता सांगतो.

शेठजींच्या बायकोचं नाव सरला. आम्ही नोकरमाणसं भाभी म्हणायचो. इंदूरच्या माहेरी त्यांच्या वडिलांची गुलाबांची मोठी बाग होती. या घरात येऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण भिंतीवरचा रंग असो की ताटातली भाजी, काहीच त्यांच्या आवडीनं झालेलं नव्हतं. एका पावसाळ्यात त्यांनी धीर करून शेठजींकडे गुलाबाची वीस कलमं मागितली. शेठजी हो म्हणाले. बाईजीही म्हणाल्या, "लाव की. बाग काय माझ्या एकटीची आहे?"

मी खड्डे खणले, पुण्याहून कलमं मागवली. भाभी सकाळी डोक्यावरचा पदर सावरत वाफ्यापाशी येऊन उभ्या राहत आणि कुठल्या झाडाला किती कळ्या ते मला सांगत. दुसऱ्या हिवाळ्यात झाडं अशी तयार झाली की मीच म्हणालो, "भाभी, धुळ्याला पौषात फुलांचं प्रदर्शन भरतं. आपली फुलं नेऊ या." त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून आठवतं. पण खोटं कशाला बोलू, मला स्वतःलाही जायचं होतं. दगडूआबा निवृत्त होऊन प्रदर्शनात परीक्षकांच्या हाताखाली काम करत. त्यांच्यासमोर माझं फूल ठेवायचं होतं.

दिवस मोजून छाटणी केली. आणि ऐन कळ्या धरायच्या वेळेला आभाळ आलं. चार दिवस ढगाळ, दमट, गार हवा. पाचव्या दिवशी कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला. मावा म्हणजे हिरवट, टाचणीच्या डोक्याएवढा किडा. एक दिसला की आठवड्यात हजार होतात. रस शोषून शेंडा वाकडा करतात, कळी उमलण्याआधीच आखडते. मोगऱ्याला असला उपद्रव फारसा होत नाही. गुलाबाला मात्र जगातली प्रत्येक कीड ओळखते.

मी पाण्याचा फवारा मारून पाहिला. बोटांनी चिरडून पाहिलं, तेही बाईजी घरात नसतानाच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच मावा.

"आता?" भाभींनी विचारलं.

"औषध मारावं लागेल."

त्यांनी घराकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "रामदासभाऊ, काहीतरी करा. पण बाईजींना कळता कामा नये."

पहूरकडचा माझा एक मित्र कपाशी पिकवायचा. त्याच्याकडून मी कपाशीवर मारायचं औषध बाटलीत घालून आणलं. त्याच्या डब्यावर कवटीचं चित्र होतं. किती पाण्यात किती घालायचं ते त्यानं अंदाजानं सांगितलं, मी अंदाजानं घातलं. बाईजी देवळात जायच्या वेळी फवारणी करायची असं ठरवलं, आणि नेमक्या त्या दिवशी बाईजी लवकर परतल्या. मी पंप पाठीमागे धरून उभा.

"कसला वास येतो रे?"

"निंबोळीचं पाणी आहे, बाईजी. वासानं किडे निघून जातात."

"मरत तर नाहीत ना?"

"नाही."

"बरं," असं म्हणून त्या आत गेल्या. पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी असंही त्यांना वाटलं नाही. मी तोवर लोकांशी धंद्यातलं चार आणे खोटं बोललो होतोच. कलम मेलं तर दोष उन्हाला दिला होता. पण हा 'नाही' तसा नव्हता, हे मला तो तोंडातून निघतानाच कळलं.

प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी मी आणखी एकदा औषध मारलं.

धुळ्याला आमच्या लाल गुलाबाला पहिलं बक्षीस मिळालं. चांदीच्या रंगाचा एक छोटा कप. शेठजींनी मोटारीतून सगळ्यांना नेलं होतं. बाईजी आल्या नव्हत्या. भाभींनी कप दोन्ही हातांत धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. मी दगडूआबांना शोधत गेलो. त्यांनी फूल पाहिलं, मग पान उलटून पाहिलं. फुलापेक्षा पान जास्त वेळ पाहिलं.

"पान लई सोच्छ शे रे. काय मारं?"

मी औषधाचं नाव सांगितलं.

"मारवाडीना घरमा?" आबांनी डोळे बारीक केले. "म्हातारीले सांगं का?"

मी ते पान पुन्हा सरळ करून ठेवलं.

"सांगी दे," ते म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. माझ्या फुलाबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

सांगायचं मी ठरवलं होतं. पण घरात पेढे वाटले जात होते, शेठजी आल्यागेल्याला कप दाखवत होते. आज नको, उद्या सांगू, असं करत दोन आठवडे गेले. गुलाब पूर्ण उमलून पाकळ्या ढळायला लागल्या.

एका सकाळी मी फाटकातून सायकल आत घेतली तर पडवीच्या कठड्यावर काचेची मोठी बरणी उन्हात ठेवलेली. तोंडाला फडकं बांधलेलं. आत साखर आणि तांबड्या पाकळ्यांचे थर. मी सायकल तशीच भिंतीला टेकवली. ती पडली, तिच्याकडे मी पाहिलंही नाही.

स्वयंपाकाचे महाराज बाहेर तांदूळ निवडत होते. मी विचारलं, "हे काय?"

"गुलकंद. बाईजी म्हणाल्या, एवढी फुलं वाया जातात, ते बघवत नाही. पुढच्या महिन्यात सगळ्या नातेवाइकांना पाठवणार आहेत."

"कुणी खाल्लंय?"

"इतक्यात कसं खातील? साखर बरोबर पडली का म्हणून मी परवा बोट लावून चाखलं तेवढंच. का हो?"

मी बरणी उचलली. ती हातात धरून मी कुठे जाणार होतो कोण जाणे. पळवून न्यावी, वाटेत फोडावी आणि हातातून पडली म्हणून सांगावं, असं क्षणभर मनात आलं. तेवढ्यात बाईजी दारात आल्या. त्यांच्या मागे भाभी.

"अरे, ती कुठे नेतोस?"

"बाईजी, हे खायचं नाही," मी म्हणालो. "गुलाबावर मी विष मारलंय. निंबोळी नव्हती ती. कपाशीचं औषध होतं. दोनदा मारलं."

महाराजांच्या हातातलं सूप खाली आलं.

"किडे?" बाईजींनी विचारलं.

"मेले."

"किती?"

"मोजता येणार नाहीत इतके."

बाईजी कठड्याला धरून खाली बसल्या. मग म्हणाल्या, "कुणी सांगितलं मारायला?"

भाभींचा हात पदरावर घट्ट झाला होता. मी म्हणालो, "माझ्या मनानं केलं. मला बक्षीस हवं होतं." यातलं दुसरं वाक्य तरी पूर्ण खरं होतं.

मला वाटलं, त्या चिडतील, हाकलून देतील. त्या उठून आत गेल्या. मी बागेच्या टोकाला कमरेएवढा खड्डा खणून बरणीतलं सगळं पुरलं, बरणीही फोडून त्यातच टाकली. महाराजांच्या पोटात संध्याकाळपर्यंत कळा येत होत्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की भीतीशिवाय काही झालेलं नाही. तेव्हा त्या कळा थांबल्या.

दुसऱ्या दिवशी कळलं, बाईजींनी तेला धरला आहे. तेला म्हणजे तीन दिवसांचा उपास, उकळलेल्या पाण्यावर. आपल्या अंगणात एवढे जीव गेले, त्याचं प्रायश्चित्त. चूक माझी, आणि उपाशी त्या. शेठजी मला फाटकात म्हणाले, "आईचं वय बघ. तिला काही झालं तर?" त्यांनी तेवढंच विचारलं. मी रोज जात होतो, वाळकी पानं गोळा करत होतो, आणि घराकडे बघायची हिंमत होत नव्हती. घरी माझ्या बायकोनं ताट वाढलं की बाईजींचा उपास आठवायचा. मी उपास वगैरे केला असं म्हणणार नाही. चार घास खाऊन उठत होतो, एवढंच.

चौथ्या दिवशी सकाळी पारण्याच्या वेळी महाराज मला बोलवायला आले. पडवीत बाईजी पाटावर बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे. शेजारी भाभी, डोळे सुजलेले.

"हिनं मला काल सगळं सांगितलं," बाईजी म्हणाल्या. "हिनं सांगितल्यावरून तू केलंस. हिचं नाव घेतलं नाहीस."

मी खाली बघत होतो. "गुलाब उपटून टाकतो, बाईजी. आजच."

"का? झाडानं काय केलं?"

भाभी रडू लागल्या. बाईजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बागेत तुला जे हवं ते लाव. मला विचारून लाव, भांडून लाव. पण लपवून नको." मग मुगाच्या पाण्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "उपास कुणीतरी सोडवायचा असतो. तू सोडव."

माझे हात मातीचे होते. धुऊन आलो. वाटी त्यांच्या ओठांशी धरली तेव्हा निम्मं पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडलं. त्यांनी वाटी स्वतःच्या हातानं सावरली आणि प्यायल्या.

त्या घरी मी पुढे अकरा वर्षं काम केलं. बाकीच्या बंगल्यांत औषधं मारणं काही मी सोडलं नाही. धंदाच तसा होता. पण त्या दिवसानंतर प्रत्येक घरी आधी सांगून मारलं: हे विष आहे, इतके दिवस फूल तोडू नका, पोरांना आणि गाईला लांब ठेवा. त्यामुळे दोन घरं सुटली. दुसरा माळी 'साधं औषध' म्हणून मारतो, तो त्यांना बरा वाटला. कपाशीचं औषध मात्र मी बागेत परत नेलं नाही. त्या बरणीचा विचार अजूनही येतो. ती मला दिसलीच नसती तर?

भाभींच्या गुलाबांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पुढच्या हिवाळ्यात मावा पुन्हा आलाच. भाभी रोज सकाळी नळी धरून स्वतः शेंडे धुवायच्या. निम्मी फुलं वाकडी, लहान निघाली. प्रदर्शनाचं नाव कुणी काढलं नाही. असं पाच-सहा आठवडे चाललं. मग एके दिवशी पानांवर ज्वारीच्या दाण्याएवढे, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले भुंगेरे दिसू लागले. आधी दोन-चार, मग झाडोझाडी. आधीच्या वर्षी माझ्या औषधानं हेही मेले असणार. आठ दिवसांत शेंडे सरळ झाले, कळ्या मोकळ्या उमलू लागल्या. भाभी मला हाका मारून दाखवत होत्या.

बाईजी काठी टेकत आल्या. डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून अगदी वाकून त्यांनी पान पाहिलं.

"हे लाल कोण आले? सुंदर आहेत. काय करतात इथे?"

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. मला दोन-तीन चांगली उत्तरं सुचली. ऊन खातात म्हणावं, फुलांवर खेळतात म्हणावं. म्हातारीला काय कळणार होतं?

"मावा खातात, बाईजी," मी म्हणालो. "दिवसाला एकेक भुंगेरा पन्नास-पन्नास खातो."

त्यांनी पान आणखी जवळ ओढून पाहिलं. कपाळाला आठी पडली होती. शेवटी कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"खाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्यांना पोट आहे. आपण कपासाठी मारलं."

आणि काठी टेकत घरात निघून गेल्या.